उष्ण शहरातील मिश्र वापराची इमारत: काचेचे बंद आवरण की सावलीतले उघडे आवरण?

उष्ण शहरात दुकाने, कार्यालये आणि घरे एकत्र असलेली इमारत बांधायची ठरली की निर्णयासाठी बहुधा दोन आराखडे समोर येतात. पहिल्यात इमारतीला चहूबाजूंनी काच असते, खिडक्या उघडत नाहीत आणि आतली हवा बाराही महिने यंत्राने थंड केली जाते. दुसऱ्यात काच बेताची असते, तिच्यापुढे छज्जे, उभे पट्टे किंवा जाळी असते, भिंती जाड असतात आणि बाहेरची हवा सुसह्य असेल तेव्हा खिडक्या उघडून यंत्र बंद ठेवता येते. माझा कल स्पष्टपणे दुसऱ्याकडे आहे. मात्र तो कोठे लागू पडत नाही हे समजून न घेता केलेली निवड पुढे अनेक वर्षे त्रास देते.

प्रथम उन्हाचा हिशेब पाहू. आकाश निरभ्र असेल तर दुपार कलल्यावर पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे ६५० वॉट इतके ऊन पडू शकते. साधी काच त्यातील सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते, तर ऊन रोखणारी चांगली दुहेरी काच २५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा चौरस मीटर साध्या काचेतून सव्वापाच किलोवॉट उष्णता आत येते, जी काढायला दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालवावे लागेल. आणि महागड्या काचेतूनही १.६ किलोवॉट येतेच. बाहेरची सावली हे ऊन काचेवर पोचण्याआधीच अडवते. आतला पडदा मात्र उष्णता खोलीत शिरल्यावर अडवतो, त्यामुळे डोळ्यांना बरे वाटले तरी यंत्राचा भार फारसा हलका होत नाही. उत्तर गोलार्धात दक्षिणेचे ऊन उंचावरून येत असल्याने तेथे साधा आडवा छज्जा पुरतो. पूर्व-पश्चिमेला सूर्य खाली असतो, तेथे उभे पट्टे किंवा जाळीच हवी. अबू धाबीच्या अल बहर मनोऱ्यांवर (२०१२) सूर्याबरोबर उघडमीट करणारी हजाराहून अधिक छत्रे प्रत्येक मनोऱ्याला बसवली आहेत. कल्पना देखणी आहे, पण धुळीच्या शहरात हलणाऱ्या प्रत्येक भागाची देखभाल करावी लागते. तशी तयारी नसेल तर स्थिर जाळी अधिक भरवशाची.

बंद इमारतीच्या बाजूनेही खरा मुद्दा आहे. रहदारीच्या रस्त्यावर धूळ, धूर आणि आवाज यांमुळे खिडकी उघडणे शक्य नसते. मात्र खिडकी बंद ठेवणे आणि काच उन्हात उघडी ठेवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि पहिला नाइलाजाने घेतला म्हणून दुसरा घ्यावा लागत नाही.

खिडक्या उघडायच्या की नाहीत, हे दिवसाच्या तापमानापेक्षा रात्रीच्या हवेवर ठरवावे. झिम्बाब्वेतील हरारे येथील ईस्टगेट ही १९९६ची दुकाने व कार्यालयांची इमारत रात्रीची थंड हवा पंख्यांनी आत घेऊन काँक्रीट गार करते आणि तोच गारवा दिवसा वापरते. पण हरारे सुमारे १,५०० मीटर उंचीच्या पठारावर आहे आणि तेथील रात्री थंड असतात. ज्या किनारी शहरात रात्रीही पारा २८ अंशांखाली उतरत नाही, तेथे हीच रचना घामाघूम करील. पाण्याने हवा गार करण्याचेही तसेच आहे. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर हवा सुमारे २७ अंशांपर्यंत आणतो. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत ती ३० अंशांच्या आसपासच थांबते, शिवाय ओलाव्याने जड होते.

दमट हवेत यंत्र अटळ असेल तर छतातील नळ्यांतून गार पाणी फिरवण्याच्या पद्धतीचा विचार जरूर करावा. हैदराबादमधील इन्फोसिसच्या एका इमारतीच्या एका अर्ध्या भागात ही पद्धत आणि दुसऱ्या अर्ध्या भागात नेहमीची वाहत्या हवेची पद्धत बसवली गेली, तेव्हा पहिल्या भागाचा वीजवापर सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला. गार छताच्या या पद्धतीबरोबर दमट दिवसांत उघड्या खिडक्या मात्र चालत नाहीत, कारण छताचे तापमान दवबिंदूखाली, म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली, गेले की त्यावर पाणी सुटते.

मिश्र वापरात खरी कसोटी घड्याळाची असते, आणि आराखड्यांच्या चर्चेत नेमकी तीच मागे पडते याची मला खंत वाटते. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आत पोचायला साधारण सात-आठ तास लागतात. पश्चिमेच्या भिंतीने चार वाजता घेतलेले ऊन रात्री अकरा-बाराला आत उतरते, जेव्हा कार्यालय रिकामे असते. त्यामुळे जाड भिंत तेथे वरदान ठरते. तीच भिंत वरच्या मजल्यावरील शयनगृहाला असेल तर झोपेच्या वेळीच खोली तापते. म्हणून घरांच्या मजल्यांवर पश्चिमेला जिने, लिफ्ट आणि कोठीच्या खोल्या ठेवाव्यात किंवा भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर द्यावा.

साऱ्या इमारतीची हवा गार करायला एकाच ठिकाणाहून थंड पाणी पुरवणारा सामायिक प्रकल्प याच घड्याळामुळे फायद्याचा ठरतो: कार्यालयांची मागणी दुपारी चढते, घरांची रात्री, त्यामुळे दोहोंच्या कमाल मागण्यांच्या बेरजेपेक्षा लहान यंत्रणा पुरते. मात्र रात्री मोजक्या घरांसाठी मोठे यंत्र अर्धवट क्षमतेने चालवणे तोट्याचे असल्याने त्याच्या जोडीला एक लहान यंत्र हवे. सुटे वातानुकूलक निवडल्यास त्यांची बाहेरची यंत्रे अरुंद डक्टमध्ये एकावर एक रचू नयेत. खालच्या यंत्राची गरम हवा वरचे यंत्र ओढते आणि वरच्या मजल्यांचे वीजबिल वाढते.

वास्तुविशारदाकडून वार्षिक वीजबचतीचा एकच आकडा स्वीकारू नये. सर्वांत उष्ण आठवड्यातील पश्चिमेच्या कार्यालयाचे दुपारी चारचे आणि त्याच बाजूच्या शयनगृहाचे रात्री अकराचे तापमान, यंत्र चालू असताना व वीज गेल्यावर दोन तासांनी, असे चार आकडे दोन्ही आराखड्यांसाठी मागावेत.