दुष्काळात बांधावरची झाडं जगवायची तर ठिबक, पाईप की मटका?

आधीच सांगतो, हे बागायतदारांसाठी नाही. रावेर-यावलकडची केळी ठिबकवर उभी आहे, तिथे जाऊन कुणी जमिनीत गाडायच्या मटक्याचं नाव काढलं तर लोक हसतील आणि बरोबरच हसतील. मी बोलतोय ते आमच्या पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या लोकांसाठी, ज्यांची विहीर होळीपर्यंत टिकली तरी नशीब, आणि बांधावर नाहीतर घरामागे वीस-पंचवीस झाडं आहेत, लिंबू, शेवगा, दोन-चार केशर आंबे, एखादी चिंच, सगळी एक ते चार वर्षांची, आणि मार्चनंतर पाणी टँकरचं.

आळं करून बादली ओतणं मी यात धरतच नाही. काळ्या जमिनीला एप्रिलमधे हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बादली ओतली की पाणी भेगेतून खाली जातं आणि वर राहिलेलं ऊन पितं. ओतायचंच असेल तर आधी कुदळीने भेगा बुजवा आणि बुंध्याशी ओतू नका, बाराच्या उन्हात झाडाची सावली जिथे संपते तिथे ओता, पाणी ओढणारी बारीक मुळं जास्त करून तिकडे असतात.

सलाईनच्या बाटल्या हे लहान रोपांचं काम. फुकट मिळतात, चाक फिरवून थेंब कमी-जास्त करता येतो, पण अर्ध्या लिटरने तीन वर्षांच्या लिंबाचं काय होणार, आणि त्या काठ्यांवर लटकवलेल्या बाटल्या वाऱ्याने पडतात त्या वेगळ्याच.

पाईप म्हणजे तीन-चार इंची पीव्हीसीचा दीड-दोन फुटी तुकडा, खालच्या अंगाला भोकं पाडून उभा गाडायचा, आत खडी भरायची आणि वरून पाणी सोडायचं. पाणी थेट खोलवर जातं, वाफ होऊन उडत नाही, टिकतोही वर्षानुवर्षं. तुमची जमीन मुरमाड असेल, साक्रीकडे डोंगराच्या पायथ्याशी असते तशी, तर हेच करा असं मी म्हणेन. काळीत मात्र पाईपमधलं पाणीही शेवटी भेगच शोधतं, म्हणजे आळ्याचीच गत, फक्त जमिनीखाली.

राहिले दोन, ठिबक आणि मटका.

ठिबकात वाईट असं काही नाही. माझ्याकडे टाकी चार फूट उंच ओट्यावर आहे, तिच्यावर लॅटरल, म्हणजे झाडापर्यंत जाणारी ठिबकची बारीक नळी, जोडलं होतं. आता दहा मीटर उंचीला एक किलो प्रेशर मिळतं, चार फुटात काय मिळणार, जवळच्या झाडाला धार आणि शेवटच्या लिंबाला नुसता घाम. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे, घ्या असं दुकानदार सांगतात, पण ते एवढ्या कमी दाबावर नीट चालतच नाहीत. टँकरच्या पाण्यात गाळ येतो म्हणून फिल्टर आलाच, आणि पाणी जड असलं की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो. हे सगळं मी धरून चाललो होतो, थोडं लक्ष दिलं तर जमतं.

जमलं नाही ते खारींचं. चैत्र-वैशाखात शिवारात कुठेच पाण्याचा थेंब नसतो आणि त्यांना नळीत पाणी आहे हे बरोबर कळतं. एक जागा कुरतडली की टाकीतलं पाणी तिथेच डबकं करतं आणि पुढची सगळी झाडं कोरडी. आणि हे लगेच दिसत नाही हो, संध्याकाळी व्हॉल्व उघडून घरी आलो की सकाळी टाकी रिकामी, म्हणजे आपल्याला वाटतं पाणी झालं, पान मलूल पडतं तेव्हा समजतं. जॉइनर टाकला तर दोन हात पुढे नवीन भोक. नळी जमिनीत गाडली तर तिथे उंदीर तयार. खारींसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवून पाहा असं बरेच जण सांगतात, ठेवलं, त्या भांड्यातलंही प्यायल्या आणि नळीतलंही. काका बांधावर उभे राहून म्हणाले, "पानी झाडस्ले देस का खारीस्ले?" विहिरीचं पाणी असतं तर मी एवढं मनावर घेतलं नसतं, पण टँकर विकत घेऊन खारी पोसायच्या हे काही पटेना.

मटका त्यामानाने अगदी बावळट वस्तू. गळ्यापर्यंत गाडायचा, भरायचा, वर चपटा दगड ठेवायचा, नाहीतर डास होतात. भोक पाडून वात घालायची गरज मला तरी पडली नाही, मातीच्या अंगातूनच पाणी झिरपतं, आणि भोवतीची जमीन कोरडी असेल तर जास्त, ओली असेल तर आपोआप कमी. अवकाळी पाऊस झाला की पातळी हलत नाही. काही दिवसांनी मुळंच मटक्याला येऊन चिकटतात. आणि मुख्य म्हणजे दगड सरकवला की आत किती पाणी आहे ते दिसतं, फुटलाच तर एका झाडाचं नुकसान, पुढच्या रांगेचं नाही.

हिशोब बघा: पंचवीस झाडं, झाडाला दहा लिटरचे दोन मटके, म्हणजे एका भरणीला ५०० लिटर. ५००० लिटरच्या टँकरमधे दहा भरण्या होतात. माझ्याकडे भर उन्हात तीन-चार दिवसांनी भरावं लागतं, वरून पाचट नाहीतर भुईमुगाची टरफलं जाड अंथरली तर अजून थोडं लांबतं.

त्रास आहेच. भरायला माणूस लागतो, घरात कुणी तरणं नसेल तर हे नको. ट्रॅक्टरचा फाळ लागला की मटका गेला. जड पाण्याने दोन-तीन वर्षांत छिद्रं बुजतात, मग काढून विटेच्या तुकड्याने घासा नाहीतर बदला. मोठ्या आंब्याला दोन मटक्यांनी काहीच होत नाही. आणि झाडं शंभराच्या वर असतील, विहिरीला पाणी असेल, तर गपचूप ठिबक करा, खारींचं बघता येईल.

मटका घेताना रंगवलेला, गुळगुळीत चकाकणारा घेऊ नका. दुकानात मागे भरून ठेवलेला असतो त्याच्या अंगाला हात लावा, ओलसर लागला पाहिजे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी बाजारात घागरींचे ढीग लागतात तेव्हा भाव चढे असतात, सण झाला की उरलेला माल कुंभार कमी-जास्त करून देतो, पण तोवर अर्धा उन्हाळा गेलेला असतो, म्हणून या वर्षी उरलेल्या घेऊन पुढच्या वर्षासाठी ठेवल्या तर जमतं, फक्त एकात एक घालून ठेवू नका, अडकल्या की काढताना फुटतात.