जुन्या वळणाची नेबियोलो, परवडेल अशी: बरोलो, बार्बारेस्को, लांगे की गातिनारा?

इटलीच्या पिएमोंते प्रांतातली बरोलो ही लाल वाइन निव्वळ नेबियोलो द्राक्षांची असते. तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून ती ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. एवढा काळ पैसा अडकतो, म्हणून फारच स्वस्त बरोलोत काटकसर बहुधा द्राक्षांत झालेली असते. बजेट तोकडं असेल तर सर्वांत स्वस्त बरोलो हा आमच्या मते सर्वांत वाईट सौदा.

जुनं वळण म्हणजे साली रसात तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त ठेवायच्या आणि मग वाइन हजारो लिटरच्या जुन्या ओक पिंपांत मुरवायची. २२५ लिटरच्या नव्या बॅरिकमध्ये, म्हणजे लहान ओक पिंपात, वाइनला लाकूड जास्त भिडतं. व्हॅनिला पुढे येतो, गुलाब-डांबराचा मूळ वास दबतो. लेबलवर हे क्वचितच लिहिलेलं असतं. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ‘बोत्ते ग्रांदे’ (मोठं पिंप) किंवा ‘स्लावोनियाचा ओक’ (क्रोएशियातला) शोधा. नेबियोलोचा रंग मुळात फिका. पेल्यात ती गडद जांभळी दिसली तर शंका घ्या.

शेजारच्या बार्बारेस्कोचंही द्राक्ष तेच, पण नियम २६ महिन्यांचा, लाकडात फक्त ९. इथली १९५८ साली स्थापन झालेली ‘प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को’ ही सहकारी संस्था फक्त नेबियोलोच करते आणि मोठ्या पिंपांतच मुरवते. चांगल्या वर्षी ती नऊ बागांच्या वेगवेगळ्या रिझेर्वा, म्हणजे जास्त काळ मुरवलेल्या खास वाइन, काढते. ज्या वर्षी रिझेर्वा निघत नाहीत, तेव्हा त्या बागांची द्राक्षं साध्या बार्बारेस्कोत जातात. तशी बाटली दिसली तर घासाघीस न करता घ्यावी.

लांगे हा याच टेकड्यांचा प्रदेश; इथली लांगे नेबियोलो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बेभरवशाची. नेबियोलो ८५ टक्के असली तरी चालते, लाकडाची सक्ती नाही. कुणी ती फक्त स्टीलच्या टाकीत ठेवून ताजी विकतो, कुणी बरोलोच्या हद्दीतल्या कोवळ्या वेलींची द्राक्षं घालतो. इथे नावापेक्षा उत्पादकाचं घराणं पाहा.

गातिनारा उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी, ज्वालामुखीच्या आम्लधर्मी मातीत. नेबियोलो किमान ९० टक्के (तिथे तिला ‘स्पान्ना’ म्हणतात), मुरवण ३५ महिने, त्यातले २४ लाकडात. म्हणजे लाकडाच्या बाबतीत नियम बरोलोहून कडक, आणि भाव बहुधा कमीच. अंग मात्र सडपातळ, आंबटपणा जास्त. भरदार वाइन हवी असणाऱ्याला ती हडकुळी वाटेल. मग बार्बारेस्कोच बरी.

२०१६च्या तोडणीची बाटली घट्ट, अजून ठेवण्याजोगी. २०१८ची हलकी, लवकर पिण्यासारखी. कोवळी बाटली दोन-तीन तास आधी दुसऱ्या भांड्यात ओता, १६ ते १८ अंशांवर प्या. गरम झाली तर अल्कोहोल नाकात जातो. तुरटपणा जिभेला चावत असेल तर सोबत मांस किंवा मुरलेलं चीज घ्या. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या आणि हवेत फार वेळ ठेवू नका. वास पटकन उडतो.