लुई आर्मस्ट्राँगची हँडीवरची सीडी : आठ महिने वापरून

आधी खरेदीची रडकथा, कारण पैसे तिथेच गेले. मित्राच्या एलपीवरून भरून घेतलेली ‘लुई आर्मस्ट्राँग प्लेज डब्ल्यू. सी. हँडी’ची, म्हणजे जॅझमधल्या ट्रंपेटवाल्या लुईने ब्लूजचा संगीतकार हँडी याची गाणी वाजवलेल्या अल्बमची, कॅसेट माझ्याकडे वीसेक वर्षं होती. गेल्या पावसाळ्यात डेकने तिची टेप खाल्ली. पेन्सिल घालून गुंडाळायला गेलो तर ‘बील स्ट्रीट ब्लूज’च्या मधोमध तुटली. मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून वापरलेली सीडी मागवली. साडेसहाशे रुपये, पोस्टेज वेगळं.

डिस्क लावली आणि वाटलं, आपल्या कानांना काहीतरी झालंय. वीस वर्षांत पाठ झालेली एखादी जागा मी तोंडाने घ्यायला जावं, तर लुईचा ट्रंपेट भलतीकडेच वळायचा. बायको म्हणाली, वय झालं. तसं नव्हतं. हा अल्बम सीडीवर पहिल्यांदा 1986 साली निघाला, तेव्हा मूळ एलपीतल्या काही गाण्यांच्या जागी दुसरेच टेक, म्हणजे त्याच गाण्यांची वेगळ्या वेळी केलेली ध्वनिमुद्रणं, घातले गेले होते. माझ्या हातात नेमकी तीच आवृत्ती आली होती. विक्रेत्याला अकरा मेसेज केले. त्याचं उत्तर एकच: नाव तेच आहे, गाणी तीच आहेत, वाजतेय ना मग? वाजत होतीच, त्यामुळे परत काही घेतली नाही. शेवटी आणखी नऊशे घालून 1997ची आवृत्ती घेतली. मूळ टेक तिच्यात आहेत. म्हणजे एका अल्बमचे साडेपंधराशे. हा अनुभव वाचताना तेवढं लक्षात असू द्या, माझा सूर त्यामुळे थोडा आंबट लागेल.

अल्बमची माहिती बहुतेकांना असेलच. जुलै 1954, शिकागो, तीन दिवस, निर्माता जॉर्ज अवाकियन, अकरा गाणी, सगळी हँडीची. एक गोष्ट मात्र पुन्हा सांगण्यासारखी आहे. आदरांजली म्हणून निघालेले अल्बम बहुधा माणूस गेल्यावर निघतात. हा निघाला तेव्हा हँडी ऐंशीचा होता, भुयारी रेल्वेच्या फलाटावरून पडून दृष्टी गेलेली, पण कान शाबूत. त्याला हा अल्बम ऐकायला मिळाला आणि तो गहिवरला. चार वर्षांनी, 1958 मध्ये, तो गेला.

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची दुःखाची लोकगाणी, काही हँडीने जन्माला घातले नाहीत, आणि त्याने स्वतःही ते लपवलं नाही. 1903च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनात तो गाडीची वाट बघत बसलेला असताना शेजारी एक फाटका माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता. त्या माणसाच्या ओळीतलं रेल्वेचं ते जंक्शन पुढे ‘यलो डॉग ब्लूज’मध्ये आलं. हँडीने हे सगळं कागदावर उतरवलं, छापलं. ‘मेम्फिस ब्लूज’चे हक्क 1912 मध्ये किरकोळ रकमेला विकून बसला आणि मग शहाणा होऊन स्वतःच प्रकाशक झाला. फसल्यावर शहाणा झालेल्या माणसाबद्दल मला सध्या जरा जास्तच आपुलकी आहे.

आता माझं खरं दुखणं. 1997च्या सीडीवर अकरा गाण्यांनंतर पाच उरलेसुरले तुकडे आहेत. हँडीची छोटी मुलाखत, तीन गाण्यांच्या तालमींचे भाग आणि लुईने सांगितलेला एक विनोद. मी म्हटलं, हे भरताड. शेवटचं ‘अटलांटा ब्लूज’ संपतं तिथे लुई स्वतःच्याच गाण्यामागे स्वतःच स्कॅट करतो, म्हणजे शब्दांऐवजी निरर्थक अक्षरं गातो. एकदा गाऊन त्यावर दुसऱ्यांदा ध्वनिमुद्रण केलंय. इतका देखणा शेवट, आणि त्यानंतर लगेच मुलाखत! घरी सत्यनारायण झाल्यावर पाहुणे उठायला लागावेत आणि कोणीतरी व्हिडिओची सीडी लावावी, तसं. पहिले दोन महिने मी अकरा नंबर संपला की बटण दाबून पुन्हा एकवर जायचो. या तुकड्यांवर एका मित्राचं अर्धा तास डोकं खाल्लं.

तिसऱ्या महिन्यात रिमोट मेला. प्लेअरवरचं पुढे जायचं बटण त्याआधीच गेलेलं. दुरुस्तीवाला चौदाशे म्हणाला. साडेपंधराशे घालून बसलेला माणूस आणखी चौदाशे देईल काय? नाही दिले. आता परिस्थिती अशी की संध्याकाळी मी पोळ्यांना बसतो तेव्हा डिस्क चालू असते आणि हात कणकेने भरलेले असतात. अकरा नंबर संपतो, बारा सुरू होतो, आणि मी काही करू शकत नाही.

पहिले काही दिवस चिडचिड. मग एकदा ‘लव्हलेस लव्ह’च्या तालमीत पोळी तव्यावर करपली. उचलायचं कुठून, कोणी कधी शिरायचं, याचा काथ्याकूट चाललेला असतो. यातली बरीच गाणी लुईच्या बँडच्या रोजच्या वाजवण्यातली नव्हती, ती तिथेच बसवली गेली. बावन्न वर्षांचा जगप्रसिद्ध माणूस म्हाताऱ्या हँडीचं गाणं नव्या मुलासारखं चाचपत होता. तयार झालेल्या गाण्यात ऐकताना वाटतं हे याला आपसूक येतं. आपसूक काही येत नाही. हे वीस वर्षांच्या कॅसेटने मला सांगितलं नव्हतं, कारण कॅसेटवर ते नव्हतंच.

त्यानंतर अकरा गाणीही वेगळी ऐकू यायला लागली. ‘लाँग गॉन’ मला कायम पोरकट वाटायचं. कैदी पळतो, मागे कुत्री लागतात, आणि लुईच्या ओळीला बाकीचे कोरसमध्ये उत्तर देतात. तालीम ऐकल्यावर कळलं की तो पोरकटपणा किती मेहनतीने जुळवलेला आहे. ‘हेझिटेटिंग ब्लूज’मधल्या वेल्मा मिडलटनबद्दलही, म्हणजे लुईच्या बँडमधल्या गायिकेबद्दलही, मत बदललं. तिचा आवाज काही मोठा नाही, हे माझं म्हणणं अजून आहे. पण लुईशी तिची जी नोकझोक चालते, ती दुसऱ्या कुठल्या गायिकेला जमली असती असं वाटत नाही. बार्नी बिगार्डची क्लॅरिनेट मात्र अजूनही मला थोडी थकलेली वाटते. त्याबाबत कोणाला भांडायचं असेल तर भांडा.

‘सेंट लुईस ब्लूज’बद्दल न लिहिता पुढे जाता येणार नाही. जवळजवळ नऊ मिनिटं. हेच गाणं 1925 मध्ये बेसी स्मिथने गायलं तेव्हा साथीला दोघंच होते: लुईचा कॉर्नेट (ट्रंपेटचं धाकटं भावंड) आणि फ्रेड लाँगशॉची पेटी. हो, हार्मोनियम! जुन्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या जातीतला. ती तीन मिनिटांची तबकडी ऐकलीत तर सुरात एक देवळातली गंभीरता आहे. एकोणतीस वर्षांनी तोच माणूस तेच गाणं घेऊन येतो आणि धुडगूस घालतो. ट्रमी यंगचा ट्रॉम्बोन मागून अशी धडक देतो की आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर आले होते. मी म्हटलं, काका, ब्लूज आहे, दुःखाचं संगीत. ते म्हणाले, दुःख थोडं कमी आवाजात करा.

राहिला तो विनोद, पंधरा नंबर. एक मिनिटभराचा. यावर मी सगळ्यात जास्त खार खाऊन होतो. मुलगा तळ्यावर पाणी आणायला जातो, मगर दिसते म्हणून रिकामी बादली घेऊन धावत परत येतो. आई म्हणते, घाबरू नकोस, तू तिला घाबरतोस तितकीच ती तुला घाबरते. मुलगा म्हणतो, मग ते पाणी पिण्यासारखं राहिलेलं नाही. आठ महिन्यांत हा मी शंभरेकदा ऐकला असेन. साठाव्या वेळेपर्यंत राग यायचा. आता आमच्या घरात दूध नासलं, भाजी उतरली, टाकीत शेवाळ दिसलं, की बायको म्हणते, मगर येऊन गेली वाटतं.

घ्यायची असेल तर एवढंच बघा: मागच्या कव्हरवर सोळा नंबर आहेत का. अकराच असतील तर विक्रेत्याला साल विचारा, आणि उत्तर यायच्या आधी पैसे भरू नका.

माझ्याकडची पहिली डिस्क अडीचशेला काढायची असं सहा महिने ठरवलेलं होतं. एक जण घ्यायलाही आला होता. पाकिटात घालण्याआधी म्हटलं, चालते ना ते एकदा बघू, आणि लावली. तालमी इतक्यांदा ऐकून झाल्यावर ते चुकीचे टेक चुकीचे वाटेनात. तयार गाण्याकडे जाताना लुई आणखी कुठे कुठे वळून बघत होता, ते त्यांत ऐकू येत होतं. बिचारा माणूस दारात उभा होता. त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने पाठवला.