जोडण्यांशिवाय डोंगरातल्या तळ्याकाठी: काही महिन्यांच्या आरव्ही मुक्कामांनंतर

वसंताच्या अखेरीपासून पानगळ सुरू होईपर्यंत आम्ही दोघं आमची लहान मोटरहोम (आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन डोंगरातल्या तळ्याकाठच्या, अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या एका साध्या पार्कमध्ये वरचेवर राहिलो. साध्या म्हणजे खरंच साध्या: खडी पसरून सपाट केलेली जागा, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, सामाईक शौचालय आणि फाटकाजवळ पिण्याच्या पाण्याचा नळ. गाडीला वीज, पाणी, सांडपाणी यांपैकी कशाचीच जोडणी नाही. अशा जागी जायचं म्हटलं की जो तो आधी बॅटरीचं विचारतो. माझं आता ठाम मत झालंय की मुक्काम किती लांबणार हे बॅटरी ठरवत नाही, सांडपाण्याची टाकी ठरवते.

कारण सोपं आहे. पिण्याचं पाणी कॅनमधून आणून टाकीत ओतता येतं. वीज उन्हातून मिळते. गॅस जपून वापरला तर बराच पुरतो. पण सिंक आणि शॉवरचं पाणी साठवणारी ग्रे टाकी भरली की सगळा संसार आवरून, चाकांखालचे ठोकळे काढून, गाडी डंप स्टेशनपर्यंत, म्हणजे सांडपाणी रिकामं करायच्या जागेपर्यंत, न्यावी लागते. शॉवरमधून मिनिटाला सात-आठ लिटर पाणी सहज जातं, म्हणजे पाच मिनिटांच्या अंघोळीला 40 लिटरच्या आसपास. त्यामुळे अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग भराभर धुऊन घ्यायचं. गरम पाणी येईपर्यंत जे थंड पाणी वाहून जातं ते बादलीत धरून फ्लशला वापरायचं. ताटं आधी कागदाने पुसून मगच धुवायची. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो चाकं असलेल्या हातटाकीने. गाडीतलं सांडपाणी तिच्यात उतरवायचं आणि तीच ओढत न्यायची, गाडी जागची हलत नाही. या प्रकारच्या कॅम्पिंगसाठी एकच वस्तू घ्यायची झाली तर मी ही घेईन.

ग्रे पाणी झुडपात सोडणारे लोक पाहिले आणि फार वाईट वाटलं. डोंगरातल्या तळ्यांत पोषकद्रव्यं मुळात कमी असतात, म्हणूनच पाणी इतकं नितळ दिसतं. त्यात अन्नाचे कण आणि साबण गेला की शेवाळाला खाद्य मिळतं. निसर्गात विरघळणारा म्हणून विकला जाणारा साबणसुद्धा तळ्यात चालत नाही. हात-तोंड धुवायचं असलं तरी पाण्यापासून निदान 60 मीटर लांब जावं.

आता बॅटरी. 100 अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत साधारण 1.28 किलोवॅट-अवर वीज मावते. दिवे, पाण्याचा पंप, फोन यांना ती भरपूर झाली. खरी खादाड वस्तू म्हणजे हीटरचा पंखा. जळतो गॅस, पण गरम हवा ढकलायला रात्रभर बॅटरी लागते. शिवाय ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते, नाहीतर आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची खराब होते. आमची बाहेरच्या कप्प्यात होती, ती पलंगाखाली उबेत आणली आणि थंडीतल्या सकाळची काळजी मिटली.

छतावरच्या सोलर पॅनलवर झाडांच्या गर्दीत विसंबू नका. पॅनलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावलीसुद्धा वीज बरीच पाडते. गाडी सावलीत ठेवावी, आणि लांब वायरचं सुटं पॅनल उन्हामागे हलवत राहावं.

जागा निवडताना सगळे पाण्याला लागून असलेली जागा धरतात. आम्ही थोडी चढावरची घ्यायला लागलो. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि तळ्याच्या खोलगट भागात साचते, त्यामुळे पहाटे काठावर जास्त गारठा असतो. वर ऊनही लवकर पोचतं. उंचीचा परिणाम स्वयंपाकावरही होतो. 2,400 मीटरवर पाणी 92 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून प्रेशर कुकर नेला तर गॅस आणि वेळ दोन्ही वाचतात. गॅस प्रोपेनचाच घ्या, कारण ब्युटेनचं शून्याच्या आसपास वायूत रूपांतरच होत नाही.

खिडकीची फट आणि छताचा झरोका थंडीतही थोडा उघडा ठेवतो. श्वासातली वाफ गादीच्या खालच्या बाजूला साचून बुरशी येते, म्हणून गादीखाली हवा खेळती राहील अशा पट्ट्या घातल्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आणि प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे त्याच्या गळतीचा अलार्म जमिनीलगत हवा.

इतकं सगळं सांभाळून जे मिळतं ते म्हणजे शांतता, आणि ती खरोखर मिळते. मात्र ती सगळ्यांनी मिळून राखावी लागते. रात्री तळ्यावरची हवा थंड आणि तिच्या वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून दूरवर पोचतो. पलीकडच्या काठावरचं साधं बोलणंसुद्धा आम्हाला ऐकू आलंय. तिथे एक जनरेटर म्हणजे अख्ख्या तळ्याची झोपमोड. जनरेटरला बंदी असलेला भाग मिळत असेल तर तोच मागा.

लांबलचक गाडी असेल तर मी हे ठिकाण सुचवणार नाही. घाट अरुंद, वळणं तीव्र, आणि उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून खालच्या गिअरमध्येच यावं लागतं. झोपेत श्वासाचं यंत्र लावणाऱ्यांनी मात्र लगेच नाद सोडू नये. यंत्रातला हवा दमट करणारा भाग बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते. तसं चालेल का हे डॉक्टरांना विचारा, आणि निघण्याआधी घरीच एक पूर्ण रात्र ते बॅटरीवर चालवून सकाळी किती चार्ज उरला ते बघा.