लंडन शाखेची मेंबरशिप वर्षभर वापरली, ५ पैकी साडेतीन स्टार

आधी काय विकत घेतलं ते सांगतो. आमच्या अकोट-तेल्हाऱ्याकडे एक छोटंसं इतिहास मंडळ आहे, १८६० च्या सोसायटी कायद्याखाली रजिस्टर झालेलं, पब्लिक ट्रस्ट म्हणून पण नोंद आहे, तेव्हा सात माणसं सह्यांसाठी गोळा करता करता दोन चहावाले श्रीमंत झाले. मागच्या वर्षी त्याची लंडनला शाखा निघाली. आमच्याच गावची दोन पोरं तिकडं नोकरीला आहेत, अजून चारपाच जण अमरावती-यवतमाळकडचे. इकडच्या माणसाला मेंबरशिप वर्षाला ६०० रुपये, ते इथं मंडळातच भरायचे, अन त्यात महिन्याला एक झूम मीटिंग आणि वर्षाला तीन शोध, म्हणजे आपण विषय सांगायचा, ते तिकडच्या लायब्रऱ्यांत जाऊन कागद धुंडणार अन फोटो पाठवणार.

पैशाचं पहिले क्लिअर करतो कारण पारावर हेच विचारतात, "काऊन बे, लंडनात शाखा म्हणता अन मंडळाचं छत तर गळूनच राह्यलं, पौंड कुठी गेले?" भाऊ, पौंड असे येत नसतात. परदेशी पैसा घ्यायला संस्थेला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन लागते, त्यासाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी पाहिजे अन मागच्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च केलेला दिसला पाहिजे, वरून २०२० पासून त्याचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच उघडावं लागते. आमचा खर्च म्हणजे झेरॉक्स, सतरंजी अन फराळाचा चिवडा, १५ लाख कुठून दाखवायचे. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने आपल्या कमाईतले बँकेतून पाठवले तर चालते, पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याचा पैसा फॉरेनच, मग खिशात ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळते ते कार्ड, का असेना. शाखेची दोन मुख्य पोरं नेमकी एक अशी अन एक तशी. म्हणून ठरलं की शाखेची वर्गणी शाखेनं तिकडंच उडवायची, रेल्वेच्या तिकिटावर, अन इकडं नुसते फोटो पाठवायचे. तिकडं इंग्लंडात चॅरिटीचं उत्पन्न वर्षाला ५,००० पौंडाच्या आत असलं तर चॅरिटी कमिशनकडे नोंदणी करावीच लागते असं नाही, त्यामुळे दोन पानांच्या घटनेवर त्यांचं काम भागलं. हे सगळं त्यांनी आधी बसून विचारून केलं, याचा एक स्टार मी डोळे मिटून देतो.

आता रडगाणं. पहिले चार महिने लोगो. खरंच सांगतो, लोगोत तलवार पाहिजे का कापसाचं बोंड यावर तीन झूम मीटिंगा झाल्या. त्यात मीटिंग त्यांच्या रविवारी दुपारी दोनला, म्हणजे हिवाळ्यात आपले साडेसात, अन रब्बीत मोटारीची लाइन रात्रीची असली की मी हरभऱ्याला पाणी धरत कानात इअरफोन घालून ऐकतो, समोरून कोणी म्हणते "काका तुमचा व्हिडिओ ऑन करा", काय दाखवू, अंधार अन पाइप?

पहिला शोध तर चक्क फसवणूक वाटली. मी आडगावच्या लढाईबद्दल मागितलं होतं, २९ नोव्हेंबर १८०३ ची, आमच्या शिवाराला लागूनच झाली, आडगाव अन शिरसोलीच्या मधात. आलं काय, तर तिथल्या इंग्रज सेनापती वेलस्लीच्या छापील पत्रांची पानं, जी नेटवर फुकट पडली आहेत अन मी पोराच्या मोबाइलवर आधीच वाचली होती. आधीच्या असईच्या लढाईत तोफांपुढे टिकलेल्या त्याच्या पलटणी आडगावात भडिमार सुरू होताच पळाल्या अन त्याने स्वतः आडवं जाऊन त्या परत उभ्या केल्या, हे मला माहीत होतं रे बाबा. फोन करून सुनावलं, पोरगं बिचारं गप्प ऐकून म्हणालं, "काका, आडगाव टाकलं की काहीच निघत नाही इथं."

तिथून गाडी रुळावर आली. गोरा आडगावला आर्गॉम लिहितो, गाविलगडला गॉविलघर, अचलपूरला एलिचपूर. मग मी अन आमचे रिटायर्ड गुरुजी बसलो, गावं, नाले, देवळं, ओसाड पडलेली गावठाणं अशी तीन पानी यादी केली, ते तिकडून त्यांची स्पेलिंगं जोडत गेले. तो वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, त्याच्या कागदांचा मोठा साठा साउथॅम्प्टन युनिव्हर्सिटीत आहे, पोरगं सुट्टी टाकून तिथंही जाऊन आलं, अन ब्रिटिश लायब्ररीत तर वाचक पास फुकट अन बहुतेक कागदांचे फोटो आपल्याच मोबाइलनं काढता येतात म्हणे. दुसऱ्या शोधात नकाशा आला. कोपऱ्यात त्याचा अंगठा आलेला, नखाला शाई. फौजा म्हणजे आखूड आखूड पट्टे अन त्यांच्या पुढून वाकडी रेघ. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल नाकाला लावला अन म्हणाले, "हा तं आपल्या धुऱ्याचा ओहोळ व्हय." आम्ही त्याच संध्याकाळी गाडी काढून गेलो, ओहोळ आता निम्मा बुजवून त्यावर तूर पेरली आहे.

एक तक्रार उरतेच, तिकडच्या मंडळींना आपण शाखा आहोत हे अधूनमधून इसरायला होते. घटनेत बदल सुचवून पाठवतात, अध्यक्ष कोण असावा सांगतात. यात नवीन काही नाही म्हणा, मुंबईची लिटररी सोसायटी १८०४ ची अन लंडनची रॉयल एशियाटिक १८२३ ची, तरी १९ वर्षांनी मोठी असलेली मुंबईवालीच पुढं लंडनवालीची शाखा झाली! आमच्याकडे तसं होऊ नये म्हणून नाव कोण वापरेल, फोटो कोणाचे, हे एका कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्या म्हणून मी मागं लागलो आहे, अजून झालं नाही, अर्धा स्टार त्याचा कापला.

घ्यावी का? तुम्हाला नेमकं काय पाहिजे ते माहीत असेल अन जुनी स्पेलिंगं लिहून द्यायची तयारी असेल तर घ्या. "आमच्या गावाचा इतिहास पाठवा" असं म्हणाल तर ६०० रुपये गेले समजा. मी रिन्यू केलं. आता शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, इंजिनाचं विचारून ठेवलं आहे, १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ पासून १९९४ पर्यंत आमच्या मूर्तिजापुरात धूर काढत होतं, त्याचं मूळ ड्रॉइंग कुठं मिळते का पाहा म्हटलं. आलं की इथंच भर घालतो.