3 इंची यूएसबी ट्रॅकबॉल किट: बॉल झकास, वायरींवर भरवसा नको

ट्रॅकबॉल म्हणजे जागच्या जागी हाताने गरगर फिरवून कर्सर हलवायचा बॉल. घरच्या आर्केड कॅबिनेटसाठी (जुन्या गेमिंग पार्लरसारख्या उभ्या गेम-यंत्रासाठी) मिळणारी 3 इंची ट्रॅकबॉल किट दिसायला सगळी सख्खी भावंडं. फिनॉलिक रेझिनचा जड बॉल, काळी प्लॅस्टिकची पेटी, बॉलला वरून धरून ठेवणारी कडी, आत दोन रोलर आणि तिसऱ्या कोपऱ्यात आधाराचं बेअरिंग, बाजूला दोन चिमुकले सेन्सर बोर्ड, एक यूएसबी बोर्ड आणि वायरींचा झुबका. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या बांधणीच्या किटचं आहे. किट घ्यावं का, याचं उत्तर बरंचसं एकाच गोष्टीवर ठरतं: बिघडल्यावर ते आपल्याला उघडता येतं का, आणि त्यातला एकेक भाग वेगळा काढून तपासता येतो का. या कसोटीवर ही बांधणी चांगल्या मार्कांनी पास होते. सगळं एकाच सीलबंद डबीत कोंबलेले स्वस्त प्रकार मात्र सरळ नापास.

‘मिसाइल कमांड’ (1980), ‘सेंटिपीड’ (1981) किंवा ‘मार्बल मॅडनेस’ (1984) हे ट्रॅकबॉलचे जुने गेम जॉयस्टिकवर चालतात, पण रंगत नाहीत. साधी जॉयस्टिक फक्त दिशा सांगते. बॉल दिशा सांगतो, वेग सांगतो आणि किती सरकायचं तेही सांगतो. म्हणूनच त्यातला छोटा दोषही हाताला लगेच कळतो.

बॉलपासून सुरुवात करू, कारण किटमधला सगळ्यात चांगला भाग तोच. 3 इंच म्हणजे 76.2 मिमी. वजन भरपूर असल्याने ढकलून सोडला की स्वतःच्या जोरावर फिरत राहतो. 2.25 इंची धाकट्या प्रकाराचा एक फायदा आहे: त्याचा बॉल पूलच्या टेबलावरच्या बॉलएवढाच, सुमारे 57 मिमीचा असतो, त्यामुळे हरवला किंवा टवका उडाला तर पर्याय सहज मिळतो. 3 इंचीला ही सोय नाही, म्हणून बॉल पहिल्याच दिवशी तपासा. नख फिरवल्यावर साच्याची शिवण लागली तर बदलून मागा. ती शिवण दर फेरीला रोलरवर टक्‌ करत राहील आणि तुम्ही दोष सेन्सरमध्ये शोधत बसाल.

बेअरिंग ठीकठाक. नव्या किटमध्ये ती बहुधा घट्ट ग्रीसने भरलेली असतात, त्यामुळे सुरुवातीला बॉल जड वाटतो. काहीजण ग्रीस धुऊन काढतात आणि त्या जागी हलक्या मशीन ऑइलचा एक थेंब टाकतात. बॉल खरोखर हलका होतो, पण आवाज वाढतो आणि बेअरिंगचं आयुष्य घटतं. जोरात फटका मारायच्या गोल्फच्या गेमसाठी हा सौदा परवडतो, ‘मिसाइल कमांड’च्या बारीक नेमासाठी उगाच खटाटोप. रबरी सील असलेल्या बेअरिंगला हातच लावू नका.

आता दुरुस्तीकडे. कर्सर अडखळतो, एका दिशेला जड जातो किंवा हळू फिरवताना मधेच थांबतो, तर सेटिंगला हात लावण्याआधी बॉल बाहेर काढा. यूएसबी काढा, कडीचे स्क्रू सोडवा किंवा कडी फिरवून उचला, आतल्या मांडणीचा एक फोटो घ्या. रोलरच्या बरोबर मध्यावर, जिथे बॉल टेकतो तिथे, हाताचं तेल आणि धूळ मिळून झालेलं काळं किटण कड्यासारखं बसलेलं दिसेल. ते प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने खरवडा, मग 90 टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा. थिनर किंवा एसीटोन नको, पेटीचं प्लॅस्टिक त्याने विरघळतं किंवा तडकतं. बॉल कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. त्यावर मेण किंवा पॉलिश लावायचा मोह टाळा: बॉल चकाकतो, पण रोलरवरून घसरायला लागतो. बॉल हलला आणि कर्सर नाही, ही तक्रार पुष्कळदा तिथून येते. स्प्रेचं तेलही नको. ते उडून सेन्सरवर बसतं आणि धुळीला आवतण देतं.

बॉल बाहेर असतानाच प्रत्येक रोलर बोटाने फिरवून पाहा. आत वाळू असल्यासारखी खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं. व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून तशाच मापाचं घ्या, आणि एका रोलरची दोन्ही बेअरिंग एकदमच बदला. रोलरच्या टोकाला खाचांची चकती असते, ती रोलरवर सैल झालेली असू शकते. रोलर आणि चकतीवर समोरासमोर मार्करचे ठिपके काढा, रोलर दहा-वीस वेळा उलटसुलट फिरवा. ठिपके एकमेकांपासून सरकले तर चकती घसरते आहे. ती दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ जवळच्या सेन्सरवर पांढरी साय धरते, म्हणजे एक दोष काढताना दुसरा लावून घेतल्यासारखं.

किटमध्ये गुण कापावेत असा भाग म्हणजे वायरिंग. प्रत्येक अक्षासाठी चकतीच्या खाचांतून येणारा इन्फ्रारेड उजेड ओळखणारे दोन सेन्सर असतात आणि चकती फिरली की त्यांचे सिग्नल पाव आवर्तनाने मागेपुढे येतात. कोणता आधी आला यावरून यूएसबी बोर्ड दिशा ओळखतो. म्हणजे एकूण सहा वायरी: 5 व्होल्ट, ग्राउंड, आडव्या अक्षाच्या दोन, उभ्या अक्षाच्या दोन. रंगांवर विसंबू नका. सारख्या दिसणाऱ्या दोन किटमध्येही लाल वायर 5 व्होल्टचीच असेल याची हमी नाही, आणि 5 व्होल्ट-ग्राउंड उलटे लागले तर सेन्सर बोर्ड जळू शकतो. आधी फक्त यूएसबी बोर्ड कॉम्प्युटरला जोडा, मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा आणि कोणत्या दोन पिनांवर 5 व्होल्ट येतात ते शोधा. सेन्सर बोर्डाच्या त्याच दोन पिना ओळखून मगच कनेक्टर लावा. किटसोबत छापील आकृती देणारा विक्रेता एवढ्यासाठी तरी जास्त पैसे मागू शकतो, आणि ते द्यावेत.

जोडणी चुकली की लक्षणं स्वतःच बोलतात. दिशा उलटी असेल तर त्या अक्षाच्या दोन सिग्नल वायरींची अदलाबदल झाली आहे. आडवा फिरवल्यावर कर्सर उभा जात असेल तर दोन्ही जोड्याच बदलल्या आहेत. कर्सर पुढे न जाता जागच्या जागी थरथरत असेल तर त्या अक्षाचा एक सिग्नल येतच नाही, म्हणजे वायर तुटली, पिन मागे सरकली किंवा सेन्सर मेला. दोन्ही अक्ष एकदम वेड्यासारखे वागत असतील तर एका अक्षाची एक वायर दुसऱ्याच्या जोडीत घुसली आहे.

मरणारा सेन्सर ओळखायला मल्टिमीटर पुरतो. काळी टोचणी ग्राउंडवर, लाल सिग्नल पिनवर ठेवा आणि चकती अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळ आणि 5 व्होल्टजवळ असा आलटून पालटून जायला हवा. वळण घेताना क्षणभर मधला आकडा दिसला तर हरकत नाही, पण दोन्ही टोकं गाठायच्या ऐवजी तो मधेच रेंगाळत असेल तर आधी सेन्सरची फट दाबून हवा मारायच्या रबरी फुग्याने साफ करा आणि चकती फटीच्या मधोमध फिरते का ते पाहा. तरीही तेच असेल तर इन्फ्रारेड एलईडी पेटतो का ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा. चालू असेल तर जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा फिल्टर असतो, म्हणून पुढचा कॅमेरा वापरा. आणि हो, पेटी उघडी ठेवून खिडकीच्या उन्हात चाचणी करू नका. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर असतो, चांगला सेन्सरही आंधळा होतो.

यंत्राचा भाग नीट झाल्यावर एक साधी परीक्षा. विंडोजमध्ये माउसच्या पॉइंटर ऑप्शनमधलं अचूकता वाढवणारं ‘एन्हान्स’ सेटिंग बंद करा, कारण ते वेगानुसार अंतर बदलतं. बॉलवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, कर्सर कुठे आहे ते लक्षात ठेवा. बॉल एक फेरी पुढे, एक फेरी मागे आणा, मधे कर्सर पडद्याच्या कडेला आपटू देऊ नका. कर्सर जवळजवळ तिथेच परतला पाहिजे. हळू फिरवताना परततो पण जोरात फिरवताना नाही, तर कुठेतरी मोजणी गळते आहे.

इथेच ट्रॅकबॉलची सगळ्यात छळवादी तक्रार येते: जोरात फिरवला की खेळाडू उलट दिशेला जातो. लोक लगेच बोर्ड बदलतात. थोडा हिशोब करून पाहू. 76.2 मिमीच्या बॉलचा परीघ सुमारे 239 मिमी. समजा रोलर 12 मिमीचा आणि चकतीला 24 खाचा आहेत. बॉलच्या एका फेरीत रोलर 6.35 वेळा फिरतो, दर खाचेला 4 पावलं (बोर्ड मोजतो ती सगळ्यात छोटी हालचाल) धरली तर सुमारे 610 पावलं होतात. सेकंदाला 5 फेऱ्या म्हणजे 3050 पावलं. यूएसबी माउस सेकंदाला 125 वेळा रिपोर्ट पाठवत असेल आणि एका रिपोर्टमध्ये जास्तीत जास्त 127 पावलं मावत असतील, तरी 15,875 पर्यंत जागा आहे. यूएसबी बहुतेक वेळा निर्दोष सुटतं. आरोपी दोनच उरतात: सेन्सर पुरेशा वेगाने न वाचणारा बोर्ड, किंवा खुद्द गेम. ‘मिसाइल कमांड’मध्ये प्रत्येक अक्षाला फक्त 4 बिटांचा काउंटर आहे, म्हणजे 16 आकडेच मावतात, निम्मे पुढच्या आणि निम्मे मागच्या दिशेसाठी. दोन वाचनांच्या मधे 7 पेक्षा जास्त पावलं झाली की गेमला ती उलटी वाटतात. मूळ कॅबिनेटमध्ये तशी वेळ क्वचित येई, पण मेममध्ये (MAME, जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) संवेदनशीलता वाढवून ठेवली की आपणच ती ओढवून घेतो.

म्हणून आधी डेस्कटॉपवर जोरात फिरवून बघा. तिथेही कर्सर उलटा गेला तर बोर्ड संथ आहे, तो बदला. तिथे सरळ आणि फक्त गेममध्ये उलटा गेला तर मेममध्ये टॅब दाबून अ‍ॅनालॉग कंट्रोलच्या यादीत त्या गेमची संवेदनशीलता कमी करा, एका वेळी पाच-दहा टक्के. हे सेटिंग प्रत्येक गेमसाठी वेगळं ठेवा, एका आकड्यात सगळे गेम बसत नाहीत. ट्रॅकबॉल मुळात ओळखलाच जात नसेल तर मेमच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये माउसचा पर्याय 1, म्हणजे चालू, आहे का पाहा. दोन खेळाडूंसाठी दोन ट्रॅकबॉल असतील तर मल्टिमाउसही 1 हवा, नाहीतर दोघे मिळून एकच कर्सर ओढतात.

बसवण्याबद्दल थोडक्यात. टेबलावर मोकळा फिरणारा बॉल पॅनलमध्ये बसवल्यावर अडकत असेल तर बोल्ट जास्त आवळले गेले आहेत आणि पेटी पिळवटली आहे. सगळे बोल्ट पाव-पाव फेरी सैल करत जा, बॉल सुटेल. कडी आणि बॉलमधल्या फटीतून कागदाची पट्टी पूर्ण गोल फिरायला हवी. जिथे अडकेल तिथे कडी घासते आहे. धातूची माउंटिंग प्लेट असेल तर तिला ग्राउंडची वायर द्या. कोरड्या हवेत हातातून ठिणगी पडली की यूएसबी बोर्ड गोठतो, आणि लोक ड्रायव्हर पुन्हा टाकत बसतात.

पारदर्शक बॉलखाली रंगीत दिवे असलेले प्रकारही मिळतात. रात्री सुरेख दिसतात, पण ते दिवे यूएसबी बोर्डाच्याच 5 व्होल्टवर जोडलेले असतील तर पूर्ण उजेडात सेन्सरचा पुरवठा खाली येऊ शकतो. मल्टिमीटरवर दिवे चालू आणि बंद ठेवून आकडा बघा. दिवे लागल्यावर 4.75 च्या खाली जात असेल तर दिव्यांना वेगळा 5 व्होल्टचा पुरवठा द्या. दिव्यांच्या कंट्रोलरचा सिग्नल त्याच बोर्डाकडून येत असेल तर दोन्हींचे ग्राउंड जोडा, दोन 5 व्होल्ट मात्र एकमेकांना जोडू नका. यूएसबी केबल शक्यतो 3 मीटरच्या आतली, आणि हब मधे नको.