'कोडा' की 'ला फामी बेलिए': आधी कुठला बघावा?

आईवडील आणि भाऊ कर्णबधिर, घरात ऐकू येणारी एकटी मुलगी, आणि तिला लागलेलं गाण्याचं वेड. २०१४ चा फ्रेंच 'ला फामी बेलिए' आणि त्यावरून अमेरिकेत झालेला २०२१ चा 'कोडा' यांची गोष्ट मुळात एकच. एकच बघायला वेळ असेल, तर माझं मत सरळ आहे: 'कोडा' बघा.

फरक पडतो तो भूमिका कुणी केल्या यामुळे. 'कोडा'तले बाप (ट्रॉय कोट्सर), आई (मार्ली मॅटलिन) आणि भाऊ (डॅनियल ड्युरंट) तिघेही प्रत्यक्ष आयुष्यात कर्णबधिर आहेत. फ्रेंच सिनेमात भाऊ तेवढा कर्णबधिर नटाने केला आहे. आईवडील मात्र कारँ व्हियार आणि फ्राँस्वा दामिएन्स, दोघेही ऐकू येणारे. नट कसलेले आहेत, मेहनतही दिसते. पण खुणांच्या भाषेत भुवया, ओठ, खांदे, मधला थांबा हे सगळंच बोलत असतं. व्हियार-दामिएन्सचे हातवारे प्रहसनाकडे झुकतात, आणि कर्णबधिर प्रेक्षकांनी यावर टीकाही केली. कोट्सर शिवी देतो, बायकोची छेड काढतो, मुलीवर चिडतो, तेव्हा प्रत्येक वेळी त्याच्या हातांचा वेग वेगळा असतो. ट्रकच्या मागच्या फळीवर बसून मुलीला गायला सांगतो आणि तिच्या गळ्यावर दोन्ही हात ठेवून ते गाणं चाचपतो, तो प्रसंग तर पुन्हा पुन्हा बघावा असा. या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणारा तो पहिला कर्णबधिर पुरुष. मॅटलिनला ते १९८७ मध्येच मिळालं होतं.

'कोडा'तलं कुटुंब मासेमारीवर जगतं, आणि त्यातला भाऊ लिओ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. दुभाषी बहिणीवाचून घराचं अडतं, हे त्याला मान्यच नाही. तो इतर मच्छीमारांसोबत बारमध्ये जातो, मारामारी करतो, बहिणीच्या मैत्रिणीशी मोबाइलवर मेसेज टाकून सूत जुळवतो. मुलगी पडद्यावर नसतानाही या कुटुंबाचं आयुष्य चालू असतं, ते त्याच्यामुळे.

एका बाबतीत मात्र फ्रेंच सिनेमा पुढे आहे. तिथला बाप गाईगुरं सांभाळतो, कुटुंब बाजारात चीज विकतं, आणि हा माणूस थेट महापौरपदाच्या निवडणुकीला उभा राहतो. कर्णबधिर माणसाला गावाचा कारभार हवासा वाटणं, ही फार मोठी कल्पना. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर बंदरात नेलेल्या 'कोडा'त ती उरली नाही. तिथला बाप मासळीच्या पडेल भावाविरुद्ध उभा राहतो, आपला माल आपणच विकायचं ठरवतो. तेही चांगलंच आहे, पण झेप लहान. मुलीच्या शेवटच्या, गाण्याच्या निवडचाचणीतही फ्रेंच गाणं जास्त बोचतं, कारण आईबाबा, मी निघाले, हेच त्या गाण्यात आहे.

दोन्हींत एक गोष्ट खटकते. डॉक्टरकडे आईवडिलांच्या अगदी खासगी दुखण्याचं भाषांतर पोरीने करायचं, आणि प्रेक्षकांनी हसायचं. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्याने दुभाष्याची सोय करणं हे डॉक्टरचं काम आहे. 'कोडा'त त्याचा उल्लेखसुद्धा नाही, म्हणून सगळा भार मुलीवरच असणं स्वाभाविक वाटू लागतं. (मुलांसोबत बघणार असाल तर हा प्रसंग दोन्हींत आहे, हे आधीच माहीत असू द्या.)

आपल्याकडे १९९६ च्या 'खामोशी'त गोव्यातलं असंच घर होतं. नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी त्यातले आईवडील मनापासून केले, तरी दोघेही ऐकू येणारेच. हिंदी-मराठीत असं घर पुन्हा पडद्यावर येईल, तेव्हा त्या भूमिकांसाठी कर्णबधिर नट शोधले जावेत, असं मला फार वाटतं.

घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर 'कोडा' लावताना कॅप्शन आठवणीने चालू करा. नाहीतर खुणांतली वाक्यं त्यांना दिसतील, पण शाळेतले आणि बंदरावरचे इंग्रजी संवाद हुकतील.